बाटली कधी रिकामी करायची नसते

थेंब्या,

पत्र तुलाच लिहिते आहे, पण उघडून वाचणारा तूच असशील याची मला खात्री नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते, दुसऱ्या कुणी उघडलं असलं तरी त्याने खुशाल वाचावं. त्यालाही यात त्याचं बरंच काही सापडेल.

तू म्हणायचास, "ताई, माझ्यावर लिहिण्यासारखं आहे काय? ग्लास भरले, ग्लास धुतले, झालं." मूर्ख आहेस. कुणी लिहीत नाही अशा माणसांवर, म्हणून तर सगळी चरित्रं सारखी वाटतात. मला घाई आहे. माझं वय झालं, आणि तुझं तर काही सांगताच येत नाही. गोष्ट सांगायची तर माणूस हातभर लांब बसवावा लागतो, म्हणून इथून पुढे मी तुला 'तू' म्हणणार नाही आणि स्वतःला 'मी'ही म्हणणार नाही. राग मानू नकोस. मानलासच, तर निदान तो राग तरी तुझा असू दे.

थेंब्या मुळात कंपाउंडर. एका डॉक्टरच्या दवाखान्यात लाकडी खिडकीमागे उभा राहून तो औषधं मिसळायचा. खोकल्याचं लाल, पोटाचं पिवळं, आणि ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्यासाठी गोड गुलाबी. त्याचा हात असा होता, की बाटली कलती केली की पाहिजे तेवढेच थेंब पडत, आगाऊ एक नाही. डॉक्टरच गमतीने थेंब्या म्हणू लागला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याची बायकोसुद्धा रागावली की "अहो थेंबे!" म्हणायची.

मग गोळ्या आयत्या पाकिटात येऊ लागल्या आणि औषध मिसळणाऱ्या माणसाची गरज संपली. डॉक्टरने दवाखाना मुलाला दिला, मुलाने लाकडी खिडकी काढून काच बसवली आणि थेंब्या घरी बसला. घरी बसलेला नवरा म्हणजे पावसात विसरलेली गादी, ना वापरता येते ना टाकता येते. तेव्हा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका जुन्या हॉटेलात बारला माणूस पाहिजे असं कळलं आणि तो गेला.

बायकोने कपाळावर हात मारला. "आधी पोटाच्या औषधात थेंब घालत होतात, आता पोटात घालायच्या विषात घाला. प्रगती आहे!" आणि त्या दाराची पायरी मी जन्मात चढणार नाही, असं तिने सांगून टाकलं. थेंब्याच्या ताईने मात्र, ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, बंधुराजांना एवढंच म्हटलं, "काम तेच आहे. फक्त रोगी खूश असतील."

बार लहान होता. शिसवी काउंटर, त्यामागे आरसा, आरशापुढे बाटल्यांची फळी. दुपारी एका खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा आणि काउंटरवरून सरकत सरकत गल्ल्यापाशी विझायचा. तिथे उस्ताद होता. सगळे त्याला उस्तादच म्हणत. वाळका, डावरा, एक भुवई सतत वर चढलेली. त्याचं सगळ्या कॉकटेलांत एकाच गोष्टीवर प्रेम होतं, ओल्ड फॅशन्ड. बाकीची तो करायचा, पण सावत्र पोराला जेवायला वाढावं तशी.

पहिल्या दुपारी त्याने थेंब्याला समोर बसवलं.

"काय करायचास आधी?"

"कंपाउंडर होतो."

उस्तादची दुसरी भुवईही वर गेली. "मग तू घरीच आला आहेस. बिटर्स म्हणजे काय माहिती आहे? पोटाचं औषध. कडू मुळ्या, साली, मसाले कडक दारूत मुरवून काढलेला अर्क. औषधवालेच विकायचे. लोकांनी औषधात दारू घातली की दारूत औषध, ते त्यांनाच ठाऊक. दोनशे वर्षांपूर्वी कॉकटेल म्हटलं की एवढंच असायचं. दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. मग बारवाल्यांना चळ लागला. ह्यात हे घाल, त्यात ते घाल, वर फळांची आरास कर. जुनी गिऱ्हाइकं वैतागली. काउंटरवर मूठ आपटून म्हणाली, मला जुन्या पद्धतीचं दे! तेच नाव पडलं."

"कुणी शोधलं म्हणायचं मग?"

"एका क्लबातले लोक म्हणतात, आम्ही. म्हणू देत. शोधलं कुणीच नाही. जुनं परत आलं, एवढंच." उस्तादने डाव्या हाताने जड बुडाचा ग्लास ओढला. "आणि जुनं परत यायचं ठरवतं ना, तेव्हा ते विचारून येत नाही."

हे तो हसत म्हणाला. थेंब्याही हसला.

करायची रीत अगदी साधी, आणि म्हणूनच अवघड. ग्लासात साखरेचा एक खडा. त्यावर बिटर्स, खडा तांबूस होईपर्यंत. चमचाभर पाणी. लाकडी दांड्याने तो खडा ठेचायचा नाही, समजूत घातल्यासारखा विरघळवायचा. मग थोडी व्हिस्की, बर्फाचा एकच मोठा तुकडा, लांब चमच्याने सावकाश ढवळायचं, मग उरलेली व्हिस्की, पुन्हा ढवळायचं. बर्फ वितळला पाहिजे, पण त्याने व्हिस्कीवर कुरघोडी करता कामा नये. शेवटी संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासावर पिळायची, म्हणजे तिचं तेल धुक्यासारखं वर बसतं. आणि देण्याआधी चव. एक नळी ग्लासात बुडवायची, वरचं तोंड बोटाने दाबायचं, आणि नळीत अडकलेला थेंब जिभेवर सोडायचा. प्रत्येक ग्लासातला.

पण खरी गोष्ट होती ती बाटली. फळीच्या मध्यावर, काळ्या काचेची, बुचात थेंब सोडणारी काचेची नळी असलेली. त्या बारचे बिटर्स घरचे होते. दर काही महिन्यांनी उस्ताद मागच्या खोलीत नवा अर्क मुरवायचा, आणि नियम असा होता की बाटली कधी रिकामी करायची नाही आणि कधी धुवायची नाही. निम्मी झाली की नव्याने भरायची.

"विरजण आहे ते," उस्ताद म्हणायचा. "माझ्या उस्तादकडून माझ्याकडे आलं. त्याच्याकडे त्याच्या उस्तादकडून."

थेंब्या तिथे रमला. गिऱ्हाइकांची दुःखं तो कंपाउंडरच्या कानाने ऐकायचा आणि ताईला येऊन सांगायचा, "दवाखान्यात लोक दुखतं कुठे ते सांगायचे. इथे का दुखतं ते सांगतात." वर्षं चांगली गेली. त्याचा स्वतःचा ग्लासही बरा जमायचा, पण गिऱ्हाईक एक घोट घेऊन म्हणायचं, "छान. उस्तादचा असतो तसा नाही, पण छान." या 'पण'वर तो रात्रभर कुढायचा. त्याला आयुष्यात एकच हवं होतं, तो 'पण' जावा.

मग उस्ताद आजारी पडला. दवाखान्यातल्या खाटेवर त्याचं शरीर पांघरुणाखाली असून नसल्यासारखं झालं होतं. त्याने थेंब्याला बाटली घेऊन बोलावलं. शेवटचा हस्तांतरविधी म्हणा. उस्तादने बुचाची नळी उचलली, एक थेंब जिभेवर सोडला, नळी जिभेला टेकवली आणि तशीच परत बाटलीत बुडवली. मग थेंब्याने तेच केलं.

"आता भर," उस्ताद म्हणाला. थेंब्याने नवा अर्क ओतला. उस्तादने डावा हात बाटलीवर ठेवला आणि डोळे मिटले. दोन दिवसांत तो गेला.

ताईला हे ऐकून किळस आली. "आजारी माणसाच्या तोंडातली नळी परत बाटलीत? आणि कंपाउंडर म्हणवतोस स्वतःला?"

"तशी रीत आहे, ताई."

"रीत कसली, घाण आहे!"

पण उस्ताद गेल्यावर बार पुन्हा उघडला, त्या संध्याकाळपासून 'पण' गेला.

पहिलंच गिऱ्हाईक, नेहमीचा गोदीतला हिशेबनीस, घोट घेऊन थबकला. ग्लास उजेडाकडे धरला. मग मान लांब करून काउंटरमागच्या दाराकडे पाहू लागला.

"उस्ताद आत आहे का?"

"उस्तादला जाऊन आठवडा झाला," थेंब्या म्हणाला.

"हो, पोचवायला मीही होतो की," हिशेबनीस म्हणाला, आणि ग्लास संपेपर्यंत पुन्हा दाराकडे बघायचं टाळत बसला.

थेंब्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, तो त्या दिवशी शीळ घालत घरी आला. आपल्या हाताला उस्तादची सर आली असं त्याला वाटलं. ते खरंही होतं, फक्त हात कुठला ते त्याने अजून पाहिलं नव्हतं. आरशात दिसलं ते महिन्याभराने. संत्र्याची साल तो डाव्या हाताने पिळत होता. जन्मभर उजवा असलेला माणूस. त्याने मुद्दाम साल उजव्या हातात घेतली, तर ती परक्यासारखी हातातून गळून पडली.

त्यानंतर उस्तादची बायको आली, त्याचा टांगून राहिलेला कोट न्यायला. पांढरी, ताठ, चष्म्याला दोरी बांधलेली म्हातारी. "भाऊ, एक ग्लास द्या तुमच्या हातचा," म्हणाली. "ह्यांनी मला कधी बारमध्ये येऊ दिलं नाही. घरीच करून द्यायचे."

थेंब्याने दिला. तिने घोट घेतला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "मोरीचा नळ अजून गळतोय."

आणि थेंब्याच्या तोंडून निघालं, "वायसर आणलाय. पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सरकारांनी बघायला नको का?"

'सरकार' म्हणून तिला फक्त उस्तादच हाक मारायचा. थेंब्या त्यांच्या घरी कधी गेला नव्हता. तिथे पलंग आहे की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

म्हातारी घाबरली नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. तिने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की वायसर डब्यात सापडला. मग ती रोज दुपारी येऊ लागली. उन्हाचा पट्टा काउंटरवर असेपर्यंत बसायची, कुरकुरायची, "केस वाढलेत तुमचे," "औषध घेतलंत का?" आणि थेंब्या ग्लास पुसत "हं, हं" करायचा. सुरुवातीला दयेने, असं तो स्वतःला सांगायचा. मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की तिच्या येण्याच्या वेळेआधी तो आरशात बघून भांग पाडतो.

घरी पहिल्यांदा कळलं ते चहावरून. बायकोने कप पुढे केला, तर म्हणाला, "साखर कशाला घातलीस? मी घेतो का साखर?" तो चार चमचे घ्यायचा. दुसऱ्यांदा कळलं ते हाकेवरून.

"सरकार, टॉवेल द्या!"

बायको टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी राहिली, पण दिला नाही. "कोण सरकार?"

"म्हणजे?"

"इतक्या वर्षांत मला 'अगं' शिवाय हाक नाही. ही सरकार कोण? बारमध्ये ठेवलीय का कुणी?"

"वेडी आहेस का तू!"

"मी वेडी झाले असते तर बरं होतं," ती म्हणाली. "बाई असती ना, तर झिंज्या उपटून तरी आले असते. झोपेत तुम्ही दुसऱ्याच घराचं सामान मोजता. जेवताना एक भुवई वर करता. माझ्या घरात माझ्या नवऱ्याचे कपडे घालून कोण हिंडतंय, ते मला सांगा. मला माझा माणूस परत पाहिजे. चार चमचे साखर घेणारा. बावळट, पण माझा."

थेंब्या रडला, म्हणजे उजव्या डोळ्याने रडला. बायकोने ते ताईला सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "काहीतरीच!" पण त्याच दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं.

ताईने कागद-पेन्सिल घेतली. तिचा स्वभावच तो. "हे बघ. निम्मी वापरायची, निम्मी भरायची. एकदा भरलं की जुनं निम्मं उरलं, मग पाव, मग त्याच्या निम्मं. इतक्या वर्षांत पहिल्या माणसाचा एक कणही उरणार नाही. तुझा उस्तादही वर्षभरात नावापुरता राहील. गणिताने हे सगळं संपतं."

"विरजणात पहिलं दही किती उरतं, ताई?"

"ते वेगळं. दह्यात जिवंत जंतू असतात, ते वाढतात. दारूत काय जगणार आहे?"

"तेच विचारतोय मी," थेंब्या म्हणाला. "दारूत काय जगतं?"

ताईने पेन्सिल खाली ठेवली. रसायनशास्त्र हे दुसऱ्यांच्या भावांसाठी असतं. तिने एकच व्यवहारी सल्ला दिला. नवी बाटली आण, नवा अर्क कर, अगदी पहिल्यापासून, तुझ्या हाताने, तुझ्या मापाने. जुनीला हात लावू नकोस.

तो कामाला लागला. महिनाभर मागच्या खोलीत त्याची बरणी मुरत होती. कडू मुळी, संत्र्याची वाळवलेली साल, दालचिनी, लवंग, थोडी वेलची. कंपाउंडरच्या काळातली त्याची जुनी तराजूही त्याने पेटीतून काढली. बायको आनंदाने रोज विचारायची, "मुरलं का हो?" त्या दिवसांत तो पुन्हा 'अगं' म्हणू लागला होता. चहात दोन चमचे साखर चालू लागली होती. अर्ध्यावर आला होता म्हणायचा.

मग त्याने बरणी गाळली, नवी बाटली भरली आणि दुपारी, बार उघडायच्या आधी, स्वतःसाठी एक ग्लास केला. साखर, थेंब, पाणी, व्हिस्की, बर्फ, साल, सगळं उजव्या हाताने, दात-ओठ खाऊन. नळी बुडवली. थेंब जिभेवर सोडला.

काहीच नाही.

कडू नाही, गोड नाही. पाण्यालासुद्धा पाण्याची चव असते, इथे तीही नव्हती. त्याने पुन्हा घेतला. सरळ ग्लास तोंडाला लावला. घशात जळत गेलं, पण चव लागायला जो माणूस लागतो तो जागेवर नव्हता. हिशेबनीस आला, त्याने एक घोट घेऊन ग्लास हळूच मागे सारला आणि म्हणाला, "ह्यात कुणी नाही." गंमत म्हणून नाही, तक्रार म्हणूनही नाही. रिकाम्या खोलीतून परत आलेला माणूस सांगतो तसं.

बारच्या मालकाने संध्याकाळी जुनी बाटली स्वतः फळीच्या मध्यावर ठेवली. "प्रयोग घरी करा," म्हणाला.

थेंब्याने त्याच रात्री ती ओतून टाकायचं ठरवलं. मोरीपाशी गेला, उजव्या हाताने बाटली कलती केली. डाव्या हाताने येऊन बूच लावलं. त्याने बूच काढलं, डाव्याने लावलं. कुणी पाहिलं असतं तर हसू आलं असतं, एक माणूस स्वतःच्याच हातांशी पोरांसारखा भांडतोय. शेवटी थकून तो ताईकडे गेला. तिच्या स्वयंपाकघरात डावा हात बगलेत दाबून उभा राहिला आणि भरभर बोलला, कुणी ऐकायच्या आत सांगून टाकावं तसं.

"ताई, उद्या दुपारी ये. मोठी पिशवी आण. बाटली मी तुझ्या हातात देतो. ती नेऊन समुद्रात ओत, बाटली फोड, काचासुद्धा टाक. मी परत मागितली तर देऊ नकोस. मी रडलो तरी देऊ नकोस. घरी ती वाट बघतेय गं माझी. मलाही घरी जायचंय."

ताई दुसऱ्या दिवशी गेली. जाड कापडी पिशवी घेऊन, वेळेवर. उन्हाचा पट्टा काउंटरच्या मध्यावर होता आणि त्याच्या टोकाशी ती दोरीच्या चष्म्याची म्हातारी बसली होती. थेंब्या आरशाकडे तोंड करून बाटल्या पुसत होता. वळला. एक भुवई वर चढली.

"या, बसा. काय देऊ, बाई?"

आईच्या पाठीमागे ज्याला तिने कडेवर वाढवलं, तो तिला बाई म्हणत होता.

"बाटली दे," ताई म्हणाली.

"कुठली?"

"काळी. मधली."

तो हसला, म्हाताऱ्या माणसाने लहान मुलाला हसावं तसा. "ती देतात होय कुणाला? तिच्यातला एक ग्लास देतो. बसा तर खरं."

आतून मात्र त्याला काहीतरी टोचत होतं. ह्या बाईला काहीतरी द्यायचं आहे, आजच, आत्ताच, आणि ते देणं फार गरजेचं आहे, एवढं त्याला कळत होतं. काय आणि का, ते जिभेच्या टोकावर येऊन विरघळत होतं. त्याचा उजवा हात फळीकडे गेला. बाटलीच्या मानेभोवती बोटं आवळली. काउंटरवरून त्याने ती सरकवली, वीतभर, मग आणखी थोडी. ताईने दोन्ही हात पुढे केले.

"अहो," म्हातारी हलकेच म्हणाली.

डावा हात आला. त्याने बाटली उचलली, बुडाशी लागलेली धूळ पुसली आणि तिच्या जागी ठेवली. मग साखरेचा खडा ग्लासात टाकला.

ताईने उजवा हात धरला. तो बर्फासारखा गार होता आणि त्याने तिची बोटं इतकी घट्ट पकडली, की तिला ओरडावंसं वाटलं. वरती चेहरा शांत होता, एक डोळा मिटून नळीतला थेंब चाखत होता. दारातून दोन गिऱ्हाइकं आत आली. "या, या," असं म्हणत त्यांच्याकडे वळण्यासाठी तो सरकला, तेव्हा ती बोटं एकेक करून सुटली.

ताई त्यानंतरही पिशवी घेऊन जात राहिली. दर वेळी ग्लास मिळाला. उत्तम होता. बाटली अजून न्यायची राहिली आहे, थेंब्या.